प्रॅक्टिकल पिस्तूल नेमबाजीची सुरुवात : अमेरिकेतील मराठी नवोदितांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी मंडळींपैकी अनेकांनी कॉलेजात असताना एन.सी.सी.च्या शिबिरात .२२ रायफलच्या पाच-दहा गोळ्या झाडलेल्या असतात, आणि बंदुकीशी आलेला संबंध तेवढ्यावरच थांबलेला असतो. अशा मंडळींपैकी कुणी सामना पाहून येतो, कुणी कार्यालयातील सहकाऱ्याबरोबर रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, जाऊन येतो, आणि मग तेच ते प्रश्न विचारू लागतो. या खेळात काही वर्षे सामने खेळल्यानंतर आणि रेंज ऑफिसर, म्हणजे सामन्यात आज्ञा देणारा व सुरक्षिततेवर लक्ष ठेवणारा अधिकारी, म्हणून नवोदितांच्या मागे उभे राहिल्यानंतर जी उत्तरे मी वारंवार देत आलो, ती येथे एकत्र लिहिली आहेत.

प्रॅक्टिकल नेमबाजी म्हणजे नेमके काय? ऑलिंपिकमध्ये दिसते ती हीच का?

नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले, त्या प्रकारात नेमबाज एका जागी उभा राहून, एका हातात पिस्तूल धरून, ठरलेल्या अंतरावरील लक्ष्यावर ठरलेल्या संख्येने गोळ्या झाडतो. प्रॅक्टिकल नेमबाजीत पिस्तूल कमरेच्या होल्स्टरमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानात, असते, टायमर वाजला की ते काढायचे, दोन्ही हातांनी धरायचे आणि आडोसे, खिडक्या व अरुंद मार्ग यांच्यामधून चालत किंवा धावत पुठ्ठ्याची आणि पोलादाची लक्ष्ये टिपायची असतात. गोळ्या कुठे लागल्या याइतकेच त्या किती वेळात लागल्या यालाही महत्त्व असते.

या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना, आयपीएससी (इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशन), मे १९७६ मध्ये अमेरिकेतील मिसूरी राज्यात कोलंबिया येथे स्थापन झाली आणि अमेरिकी पिस्तूल-प्रशिक्षक जेफ कूपर तिचे पहिले अध्यक्ष झाले. अचूकता, शक्ती आणि वेग या अर्थाचे तीन लॅटिन शब्द हे तिचे ब्रीद आहे. अमेरिकेतील सामने यूएसपीएसए (युनायटेड स्टेट्स प्रॅक्टिकल शूटिंग असोसिएशन) ही संघटना १९८४ पासून चालवते, आणि पुढील उत्तरांतील नियम तिचेच आहेत. ऑलिंपिकमध्ये हा प्रकार नाही.

मी एच-१बी व्हिसावर आहे. मी या खेळात उतरू शकतो का?

हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा, आणि पुष्कळ जण तो सर्वांत शेवटी विचारतात. अमेरिकी संघराज्याच्या कायद्यातील शीर्षक १८, कलम ९२२ नुसार बिगर-स्थलांतरित व्हिसावर आलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. एच-१बी, एच-४, एल-१ आणि एफ-१ हे सारे व्हिसा या वर्गात मोडतात. ही मनाई केवळ विकत घेण्यापुरती नाही. ‘बाळगणे’ या शब्दाची व्याप्ती मोठी असून रेंजवर भाड्याने घेतलेले किंवा मित्राने हाती दिलेले पिस्तूलही त्यात येऊ शकते.

याच कलमात काही अपवाद दिलेले आहेत. त्यांपैकी सर्वाधिक उपयोगात येणारा अपवाद म्हणजे अमेरिकेतील एखाद्या राज्याने कायदेशीररीत्या दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. म्हणूनच अनेक भारतीय नेमबाज शिकारीला कधीही जात नसले, तरी आपल्या राज्याचा अभ्यासक्रम पूर्ण करून हा परवाना काढतात आणि दर वर्षी न चुकता त्याचे नूतनीकरण करतात. विक्रेत्याकडे भराव्या लागणाऱ्या ४४७३ क्रमांकाच्या फॉर्मवर व्हिसाविषयी आणि या अपवादाविषयी थेट प्रश्न असतात, आणि तेथे चुकीचे उत्तर लिहिणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू होत नाही. ज्यांचा ग्रीन कार्डचा अर्ज प्रलंबित आहे, त्यांनी मात्र स्वतःच्या स्थितीचा अर्थ स्वतः लावू नये. येथे झालेल्या चुकीची किंमत केवळ दंडात मोजली जात नाही, तर देशातील वास्तव्यच धोक्यात येऊ शकते. एका तासाचे शुल्क भरून इमिग्रेशनच्या वकिलाचा लेखी सल्ला घ्यावा आणि तो फाइलमध्ये ठेवावा. पिस्तुलाच्या आधी हा खर्च करावा, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो. सामना पाहायला जाण्यास, लक्ष्यांवरील भोकांना चिकटपट्ट्या लावण्यास किंवा टॅब्लेटवर गुण नोंदवण्यास मात्र कोणताही व्हिसा आड येत नाही, आणि खेळ समजून घेण्याचा तो उत्तम मार्ग आहे.

राज्याराज्यांत कायदे किती बदलतात?

पुष्कळ बदलतात. परवानाधारक विक्रेत्याकडून पिस्तूल घेण्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि पार्श्वभूमीची तपासणी होते, एवढा भाग देशभर समान आहे. त्यापलीकडे न्यू जर्सीमध्ये पिस्तूल खरेदीसाठी आधी परवाना काढावा लागतो आणि दहापेक्षा जास्त गोळ्यांचे मॅगझिन, म्हणजे पिस्तुलाच्या मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी, चालत नाही. कॅलिफोर्नियातही मॅगझिनला दहाची मर्यादा आहे, शिवाय विक्रेता कोणती नवी पिस्तुले विकू शकतो याची राज्याची यादी आहे. इलिनॉयमध्ये वेगळे ओळखपत्र लागते. टेक्ससमध्ये यांपैकी काहीही नाही. दहा गोळ्यांच्या राज्यांतही सामने उत्साहाने होतात; फक्त तेथील नेमबाजांना मॅगझिन अधिक वेळा बदलावे लागते आणि त्यामुळे ते त्या कामात तरबेज होतात.

एका राज्यातून दुसऱ्या राज्यात सामन्यासाठी जाताना पिस्तूल रिकामे, कुलूपबंद पेटीत आणि प्रवाशांच्या हाताला न लागेल अशा जागी, म्हणजे गाडीच्या डिकीत ठेवावे. १९८६ च्या संघराज्य कायद्याने प्रवासाला जे संरक्षण दिले आहे, त्यालाही अशाच अटी आहेत.

पिस्तूल विकत घेण्यापूर्वी काय करावे?

एक सामना पूर्ण पाहावा. प्रॅक्टिस्कोर या संकेतस्थळावर तुमच्या जवळच्या क्लबांचे सामने सापडतात आणि नावनोंदणीही तेथेच होते. सामना संचालकाला आधी निरोप पाठवून ‘मी नवा आहे, पाहायला येऊ इच्छितो’ असे कळवले, तर नकार मिळाल्याचे मला आठवत नाही. डोळ्यांना चष्मा आणि कानांना संरक्षण मात्र प्रेक्षकालाही लागते, ते घेऊन जावे.

त्यानंतर प्रशिक्षकाकडून पिस्तूल हाताळणीचे प्राथमिक शिक्षण घ्यावे. ज्याने पूर्वी कधीही पिस्तूल धरलेले नाही, त्याने थेट सामन्यात उतरणे योग्य नाही. होल्स्टरमधून सुरक्षितपणे पिस्तूल काढणे, मॅगझिन बदलणे, अडकलेले काडतूस काढणे आणि हे सर्व करताना बोट चापापासून दूर ठेवणे, इतके तरी अंगवळणी पडलेले असावे. बरेच क्लब पहिल्या सामन्यापूर्वी सुरक्षिततेचा छोटा वर्ग सक्तीचा करतात. वर्ग सक्तीचा नसेल तेथेही मी तो करायला सांगेन.

ज्यांना धावपळीची धास्ती वाटते त्यांनी स्टील चॅलेंजपासून सुरुवात करावी. हा प्रकारही यूएसपीएसएच चालवते. त्यात बहुतेक वेळ एका जागी उभे राहून पोलादी पाट्या टिपायच्या असतात, .२२ चे पिस्तूल चालते आणि त्या पिस्तुलाला होल्स्टरही लागत नाही. गोळी लागली की पाटी ठणकन वाजते, आणि नवोदिताला त्याच क्षणी कळते की नेम बरोबर होता.

सुरुवातीला कोणते सामान लागते?

विश्वासार्ह बनावटीचे ९ मिलिमीटरचे पूर्ण आकाराचे पिस्तूल, चार किंवा पाच मॅगझिन, मॅगझिन ठेवण्याचे पाऊच, होल्स्टर, ताठ पट्टा, संरक्षक चष्मा, कानांसाठी इलेक्ट्रॉनिक मफ आणि प्रत्येक सामन्याला दीड-दोनशे काडतुसे. पहिल्या वर्षाला एवढे पुरते.

यांत लोक सर्वाधिक विचार पिस्तुलाचा करतात आणि सर्वांत कमी होल्स्टर व पट्ट्याचा. माझा अनुभव असा आहे की नवोदिताला मनस्ताप देणारी वस्तू बहुतेकदा पिस्तूल नसते, तर ढिला पट्टा असतो. साध्या कातडी पट्ट्यावर होल्स्टर लावले तर पिस्तूल ओढताना होल्स्टरही वर येते, हात अडखळतो, आणि त्या अडखळण्यातून बोट भलतीकडे जाते. आतला पट्टा विजारीच्या लूपमधून आणि बाहेरचा ताठ पट्टा त्यावर घट्ट चिकटणारा, अशी जोडी घ्यावी. होल्स्टर कठीण प्लास्टिकचे, चाप पूर्ण झाकणारे, आणि तुमच्या नेमक्या पिस्तुलासाठी बनवलेले असावे. कापडी, लवचीक, कोणत्याही पिस्तुलाला बसणारे होल्स्टर कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये, कारण पिस्तूल परत ठेवताना त्याचे तोंड मिटते आणि कापडाची घडी चापात अडकू शकते.

काडतुसांविषयी एक सूचना. पोलादी गाभ्याच्या गोळ्या सामन्यात चालत नाहीत, कारण त्या पोलादी लक्ष्यांना खड्डे पाडतात आणि तुकडे उलट उडतात. खोक्याला चुंबक लावून पाहण्याची सवय ठेवावी.

कोणत्या विभागात नाव नोंदवावे?

विभाग पिस्तुलाच्या रचनेवरून ठरतात. नवोदितासाठी व्यवहारात दोनच प्रश्न असतात. पिस्तुलावर रेड डॉट, म्हणजे लाल ठिपक्याचे दर्शक, बसवलेले असेल तर कॅरी ऑप्टिक्स. साधी लोखंडी माशी-खाच, म्हणजे नळीच्या टोकावरचा उंचवटा आणि मागची खाच, असेल तर प्रॉडक्शन. कॅरी ऑप्टिक्समध्ये मॅगझिनची लांबी १४१.२५ मिलिमीटरपर्यंत चालते, म्हणून गोळ्या भरपूर मावतात आणि पहिल्या सामन्यात मॅगझिन बदलण्याची चिंता कमी होते. चाळिशीनंतर ज्यांना जवळची माशी धूसर दिसू लागली आहे, त्यांनी तर ठिपक्याचाच विचार करावा, कारण तेथे नजर लक्ष्यावरच ठेवायची असते. लिमिटेड, लिमिटेड ऑप्टिक्स, ओपन, सिंगल स्टॅक आणि रिव्हॉल्व्हर हे विभागही आहेत, पण त्यांचा विचार पुढच्या वर्षी करता येईल.

पहिल्या सामन्याचा दिवस कसा जातो?

रेंज ‘कोल्ड’ असते, म्हणजे रेंज ऑफिसरने सांगितल्याशिवाय कुणाचेही पिस्तूल भरलेले नसते. गाडीतून उतरताना पिस्तूल बॅगेतच राहू द्यावे. ते बॅगेतून होल्स्टरमध्ये ठेवण्यासाठी ‘सेफ एरिया’ नावाचे टेबल असते. त्या टेबलावर पिस्तूल हाताळता येते, पण काडतुसाला हात लावता येत नाही. भरलेले मॅगझिनसुद्धा तेथे काढायचे नाही. हा नियम न कळल्यामुळे पहिली गोळी झाडण्यापूर्वीच बाद झालेले नवोदित मी पाहिले आहेत, आणि त्यांचे चेहरे पाहून फार वाईट वाटते.

स्पर्धकांच्या आठ-दहा जणांच्या तुकड्या पाडतात, त्यांना स्क्वाड म्हणतात. प्रत्येक स्क्वाड एकेका स्टेजवर, म्हणजे लक्ष्यांच्या एकेका स्वतंत्र मांडणीवर, जातो. सर्वसाधारण स्थानिक सामन्यात पाच-सहा स्टेज असतात. मोठ्या स्टेजला जास्तीत जास्त ३२, मध्यम स्टेजला २० आणि छोट्या स्टेजला १२ गोळ्या लागतील अशी रचना करण्याची मर्यादा आहे. स्टेजचे वर्णन वाचून दाखवल्यावर पाच मिनिटे ‘वॉकथ्रू’ मिळतो. या वेळेत सारे स्पर्धक रिकामे हात पुढे धरून, कुठून कोणते लक्ष्य दिसते हे पाहत मार्गावरून फिरतात. नवोदिताने या वेळी एकच साधी योजना करावी आणि ती पाठ करावी. शेवटच्या मिनिटाला अनुभवी स्पर्धकाची योजना पाहून आपली बदलू नये.

आपली पाळी झाली की काम संपत नाही. इतरांच्या गोळ्यांची भोके चिकटपट्टीने बुजवणे आणि पडलेली पोलादी लक्ष्ये उभी करणे हे स्क्वाडमधील प्रत्येकाचे कर्तव्य आहे. जो नवोदित न सांगता चिकटपट्ट्यांची गुंडाळी हातात घेतो, त्याला दुसऱ्या सामन्यात सगळे नावाने ओळखतात.

रेंजवरील आज्ञा कोणत्या असतात?

आज्ञा सगळीकडे इंग्रजीत आणि ठरलेल्या शब्दांत दिल्या जातात. ‘मेक रेडी’ म्हटल्यावर पिस्तूल लक्ष्यांच्या दिशेने काढून भरायचे, होल्स्टरमध्ये ठेवायचे आणि सुरुवातीच्या स्थितीत उभे राहायचे. येथे घाई करण्याचे काही कारण नाही; शांतपणे श्वास घ्यावा. त्यानंतर ‘आर यू रेडी’ असा प्रश्न येतो. तुम्ही गप्प राहिलात तर होकार समजला जातो. तयार नसाल तर मोठ्याने ‘नॉट रेडी’ म्हणावे, त्यात कमीपणा नाही. ‘स्टँड बाय’ नंतर एक ते चार सेकंदांत टायमर वाजतो.

शेवटची गोळी झाडल्यावर ‘इफ यू आर फिनिश्ड, अनलोड अँड शो क्लिअर’ ही आज्ञा होते. आधी मॅगझिन काढायचे, मग स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढून नळीतील काडतूस बाहेर टाकायचे आणि रिकामी चेंबर, म्हणजे काडतूस बसण्याची जागा, अधिकाऱ्याला दाखवायची. क्रम उलटा झाला, तर स्लाइड मॅगझिनमधून नवे काडतूस उचलून चेंबरमध्ये भरते. पुढे ‘इफ क्लिअर, हॅमर डाऊन अँड होल्स्टर’ म्हटल्यावर नळी लक्ष्यांमागच्या, गोळ्या अडवणाऱ्या बंधाऱ्याकडे ठेवून चाप एकदा दाबायचा. चेंबर खरोखर रिकामी असेल तर फक्त टक् असा आवाज येतो. बाहेर पडलेले काडतूस पकडण्यासाठी किंवा उचलण्यासाठी हात पुढे करू नये. ते कुणीतरी नंतर आणून देईल. ‘रेंज इज क्लिअर’ ऐकल्याशिवाय कुणीही पुढे जायचे नाही. आणि ‘स्टॉप’ हा शब्द कोणत्याही क्षणी आला, तर बोट बाहेर काढून आहात तसे थांबायचे.

कोणत्या चुकांमुळे स्पर्धक बाद होतो?

बाद होणे म्हणजे त्या स्टेजपुरते नव्हे, संपूर्ण सामन्यातून बाहेर पडणे. या बाबतीत अनुभवी आणि नवोदित असा भेद केला जात नाही, आणि तो न करणे हेच योग्य आहे. त्यामुळेच अनोळखी माणसाच्या हातात भरलेले पिस्तूल असताना आपण त्याच्या मागे निश्चिंत उभे राहू शकतो.

सर्वांत महत्त्वाचा नियम १८० अंशांचा आहे. तुम्ही जेथे उभे आहात तेथून मागच्या बंधाऱ्याला समांतर अशी रेषा दोन्ही बाजूंना काढली आहे, असे समजावे. पिस्तुलाच्या नळीचे तोंड ती रेषा ओलांडून कधीही मागे येता कामा नये. उभे असताना हे सोपे असते. अवघड होते ते चालताना, आणि विशेषतः उजव्या हाताने पिस्तूल धरणारा नेमबाज उजवीकडून डावीकडे जात असताना मॅगझिन बदलतो तेव्हा. त्या वेळी शरीर डावीकडे वळलेले असते, मॅगझिनचे तोंड डाव्या हाताकडे आणण्यासाठी मनगट आत वळते, आणि नळी नकळत आणखी डावीकडे, म्हणजे मागे, सरकू लागते. मी स्वतः दुसऱ्याच वर्षी नेमका असाच बाद झालो. माझ्या मागे उभ्या असलेल्या अधिकाऱ्याने ‘स्टॉप’ म्हटले तेव्हा काय चुकले हे मला कळलेसुद्धा नव्हते, कारण माझे सारे लक्ष मॅगझिनकडे होते. त्यानंतर मी डावीकडे जाताना पिस्तूल चेहऱ्यासमोर ठेवून नळी बंधाऱ्याकडे रोखूनच मॅगझिन बदलतो, आणि नवोदितांना असे सुचवतो की डावीकडे जायचे असेल तर निघण्यापूर्वी उभ्यानेच मॅगझिन बदलावे. त्यात सेकंद जातो, पण पहिल्या वर्षी तो सेकंद द्यावा.

दुसरा नियम बोटाचा आहे. लक्ष्यावर नेम धरलेला नसताना, म्हणजे जागा बदलताना, भरताना, रिकामे करताना आणि अडकलेले काडतूस काढताना, बोट चापाच्या कड्याबाहेर आणि बाहेर असल्याचे स्पष्ट दिसेल असे असावे. अधिकारी ‘फिंगर’ किंवा ‘मझल’ अशी ताकीद देऊ शकतो, पण ती मिळेलच असे गृहीत धरू नये. पिस्तूल हातून पडणे, गोळी बंधाऱ्यावरून जाणे, स्वतःपासून दहा फुटांच्या आत जमिनीवर गोळी लागणे, भरताना किंवा रिकामे करताना गोळी सुटणे आणि सेफ एरियाबाहेर आज्ञेशिवाय पिस्तूल हाताळणे याही बाद होण्याच्या गोष्टी आहेत. पाळी नसताना रिकामे पिस्तूल होल्स्टरमधून खाली पडले, तर त्याला हात लावू नये. अधिकाऱ्याला हाक मारावी. तो ते उचलून, तपासून परत देतो आणि सामना पुढे चालू राहतो. वाकून स्वतः उचलले, तर मात्र सामना तेथेच संपतो.

गुण कसे मोजतात?

पुठ्ठ्याच्या लक्ष्यावर ए, सी आणि डी असे भाग असतात. ए भागाला ५ गुण मिळतात. सी आणि डी भागांचे गुण काडतुसाच्या शक्तीवर अवलंबून असतात: ‘मायनर’ काडतुसाला ३ आणि १, ‘मेजर’ काडतुसाला ४ आणि २. गोळीचे ग्रेन या छोट्या एककातील वजन आणि प्रतिसेकंद फुटांतील वेग यांचा गुणाकार करून हजाराने भागले की ‘पॉवर फॅक्टर’ मिळतो. मायनरसाठी तो किमान १२५ आणि मेजरसाठी १६५ लागतो. १२४ ग्रेनची गोळी १०८० फुटांच्या वेगाने गेली, तर तो जवळपास १३४ येतो. कॅरी ऑप्टिक्स आणि प्रॉडक्शनमध्ये सर्वांना मायनरचेच गुण मिळतात, म्हणून तेथे जड काडतुसाचा लाभ नाही. लक्ष्य चुकले तर १० गुण वजा होतात, आणि ज्यावर गोळी झाडायची नाही अशा लक्ष्याला लागली तरी १०.

या गुणांना वेळेने भागले की ‘हिट फॅक्टर’ येतो. जेफ कूपर यांनीच तयार केलेली ‘एल प्रेसिडेंते’ ही जुनी स्टेज घेऊ. १० यार्डांवर तीन लक्ष्ये असतात. पाठमोरे, हात वर करून उभे राहायचे, टायमर वाजला की आधी पूर्ण वळायचे, मगच पिस्तूल काढायचे, प्रत्येक लक्ष्यावर दोन गोळ्या झाडायच्या, मॅगझिन बदलायचे आणि पुन्हा दोन-दोन. एकूण १२ गोळ्या, ६० गुण. समजा, पहिल्या स्पर्धकाच्या ९ गोळ्या ए भागात आणि ३ सी भागात लागल्या. त्याचे ५४ गुण झाले, वेळ ९ सेकंद, म्हणजे हिट फॅक्टर ६. दुसरा अधिक चपळ होता आणि त्याने ७.५ सेकंदांतच काम आटोपले, पण त्याच्या ६ गोळ्या ए, ४ सी, १ डी आणि १ हुकलेली. त्याचे ४३ गुण होऊन त्यातून १० गेले, उरले ३३, आणि हिट फॅक्टर ४.४. पहिल्याचा हिट फॅक्टर सर्वाधिक असेल तर त्याला स्टेजचे पूर्ण ६० गुण मिळतील, दुसऱ्याला त्या प्रमाणात ४४. एक गोळी हुकल्यामुळे दीड सेकंदाची सारी बचत वाया गेली.

वर्गवारी कशी होते?

देशभर सारख्याच मांडणीने उभ्या केल्या जाणाऱ्या काही ठरावीक स्टेज असतात, त्यांना क्लासिफायर म्हणतात. त्यांतील तुमच्या कामगिरीची टक्केवारी काढली जाते. ४० पर्यंत डी, ४० ते ६० सी, ६० ते ७५ बी, ७५ ते ८५ ए, ८५ ते ९५ मास्टर आणि ९५ च्या पुढे ग्रँडमास्टर. पहिला वर्ग मिळण्यासाठी चार क्लासिफायरचे निकाल आणि संघटनेचे सदस्यत्व लागते. डी किंवा सी वर्गात वर्ष-दोन वर्षे राहणे अगदी स्वाभाविक आहे.

घरी सराव कसा करावा?

या खेळातील बहुतांश कौशल्य काडतुसांशिवाय, ‘ड्राय फायर’ने येते. रोज १५ मिनिटे पुरतात, पण ती एका शिस्तीने घालवावी. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत, नुसती बाजूला सारू नयेत. पिस्तूल आणि प्रत्येक मॅगझिन डोळ्यांनी पाहून आणि बोटाने चाचपून रिकामे असल्याची खात्री करावी. नळी अशा भिंतीकडे असावी, जिच्यापलीकडे कुणी नाही. सराव संपला की ‘संपला’ असे मोठ्याने म्हणून पिस्तूल तिजोरीत ठेवावे, कारण अपघात बहुधा ‘आता आणखी एकदाच’ म्हणताना होतात.

पहिले दोन महिने केवळ पिस्तूल काढणे, नेम न हलवता चाप दाबणे आणि मॅगझिन बदलणे एवढेच करावे. नजर माशीवर, किंवा ठिपक्याचे दर्शक असेल तर लक्ष्यावर, ठेवून चाप दाबताना माशी किंवा ठिपका जागेवरून हलतो का, हे पाहावे. वेग आपोआप येतो.

एकूण खर्च किती येतो?

चांगले नवे पिस्तूल साधारण ५०० ते ७०० डॉलरमध्ये मिळते, आणि बाकीच्या सामानाला आणखी ३००-४०० लागतात. स्थानिक सामन्याचे शुल्क बहुतेक ठिकाणी २० ते ३५ डॉलर असते. खरा खर्च काडतुसांचा आहे. एका गोळीला २५ सेंट धरले, तर एका सामन्याला ४० ते ५० डॉलर जातात. महिन्याला एक सामना आणि रोजचा ड्राय फायर, एवढ्यात नवोदिताची प्रगती चांगली होते. पहिल्या वर्षी पिस्तुलात बदल करण्यावर पैसे खर्च करू नयेत.

शिसे, घर आणि लहान मुले यांविषयी कोणती काळजी घ्यावी?

काडतुसाच्या टोपीतील स्फोटकात आणि गोळीत शिसे असते. त्याचा धूर नाकात आणि भुकटी हातांवर, कपड्यांवर बसते. सामना संपल्यावर खाण्यापूर्वी थंड पाण्याने साबण लावून हात आणि तोंड धुवावे. रेंजवर डबा उघडून हातानेच पोळी-भाजी खाण्याची आपली सवय येथे घातक आहे. रेंजचे बूट दाराबाहेर ठेवावेत, कपडे वेगळे धुवावेत आणि घरी आल्यावर मुलांना जवळ घेण्यापूर्वी अंघोळ करावी. नियमित खेळणाऱ्यांनी वर्षातून एकदा रक्तातील शिशाची तपासणी करून घ्यावी. गरोदर स्त्रियांनी शिसे आणि आवाज या दोन्ही कारणांसाठी रेंजपासून दूर राहावे.

पिस्तूल घरात कायम कुलूपबंद तिजोरीत असावे, काडतुसे वेगळ्या कुलपात. आपल्या घरी गणपतीत पंचवीस-तीस माणसे येतात, त्यांची मुले वरच्या मजल्यावर खेळतात, कपाटांत लपतात. ‘आमच्या मुलांना ठाऊक आहे’ हे वाक्य त्या दिवशी उपयोगाचे नसते, कारण घरात केवळ आपली मुले नसतात.

भारतात जाताना काय लक्षात ठेवावे?

रेंजची बॅग प्रवासासाठी कधीही वापरू नये. ही सूचना किरकोळ वाटते, पण बॅगेच्या शिवणीत किंवा जाकिटाच्या खिशात राहिलेले एक जिवंत काडतूस मुंबईच्या विमानतळावर सापडले, तर १९५९ च्या शस्त्रास्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो, आणि सुट्टीचे दिवस पोलीस ठाणे व न्यायालय यांत जातात. प्रवासाच्या कपड्यांचे खिसेही उलटे करून पाहावेत.

महाराष्ट्रात राहून हा खेळ खेळता येईल का?

भारतात ९ मिलिमीटर हा निषिद्ध बोअर (नळीचा व्यास) असल्याने सामान्य नागरिकाला त्याचा परवाना मिळत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकालाही दोनपेक्षा जास्त बंदुका ठेवता येत नाहीत. त्यामुळे ज्या भाच्याला किंवा पुतणीला तुमचा व्हिडिओ पाहून नेमबाजी शिकावीशी वाटते, त्यांना १० मीटर एअर पिस्तुलाकडे वळवावे. ४.५ मिलिमीटरच्या या पिस्तुलाला परवाना लागत नाही, पुण्याच्या बालेवाडी क्रीडा संकुलात रेंज आहे, मुंबईत महाराष्ट्र रायफल असोसिएशन आहे, आणि कोल्हापुरात तर नेमबाजीची परंपराच आहे. ६० गोळ्या, ७५ मिनिटे आणि एका जागी उभे राहणे, हा प्रकार दिसायला अगदी वेगळा असला तरी चाप दाबण्याची शिस्त तीच असते. एअर पिस्तूल शिकून अमेरिकेत आलेली मुले स्क्वाडमध्ये लगेच ओळखू येतात: टायमर वाजला की ती इतरांपेक्षा थोडी सावकाश हलतात, आणि त्यांच्या लक्ष्यावर चिकटपट्ट्या लावायला गेले की बहुतेक सगळी भोके ए भागातच सापडतात.